नक्कल आणि जात: संस्कृतीकरणाच्या छत्तीस वर्षं आधी

समाजशास्त्राच्या पेपरात ‘संस्कृतीकरण’ हमखास येतं. उत्तरही ठरलेलं असतं: समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, कर्नाटकातल्या कूर्गवरचा ग्रंथ, १९५२. खालच्या समजल्या गेलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलतात आणि पिढी-दोन पिढ्यांत वरचा मान मागतात. पण जात आणि नक्कल यांची सांगड त्याआधीच, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आंबेडकरांनी घातली होती.

तिचं मूळ फ्रान्समध्ये आहे. गाब्रिएल तार्द हा सार्ला नावाच्या लहानशा गावचा न्यायाधीश. गुन्ह्यांचा अभ्यास करता करता त्याच्या मनाने घेतलं की समाज म्हणजे मुळात अनुकरण. १८९० च्या पुस्तकात त्याने त्याचे नियम मांडले. त्यातले दोन इथे कामाचे: अनुकरण वरून खाली झिरपतं, आणि अंतर वाढेल तसं पातळ होतं. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमला हे अजिबात पटलं नाही. आत्महत्येवरच्या १८९७ च्या ग्रंथात अख्खं एक प्रकरण खर्ची घालून त्याने अनुकरणाचं कारण निकालात काढलं. पुढे दुर्खीमचीच सरशी झाली, तार्द मागे पडला. मात्र १९०३ मध्ये तार्दचं पुस्तक इंग्रजीत आलं, आणि त्याला प्रस्तावना होती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रँकलिन गिडिंग्ज यांची.

त्याच कोलंबियात १९१३ मध्ये आंबेडकर दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर (हो, आपले ज्ञानकोशकारच) या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या तपासून ते एका मुद्द्यावर येतात: जातीचं मर्म बेटीबंदीत, म्हणजे गटाबाहेर लग्न न करण्यात, आहे.

मग जो हिशेब येतो तो अंगावर काटा आणतो. बंद गटात बाया आणि पुरुष सारखे हवेत. नवरा मेला की एक बाई ‘जादा’ होते. तिने गटातच पुन्हा लग्न केलं तर एका मुलीचा वर गेला, बाहेर केलं तर बंदी मोडली. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेला पुरुषही जादाच, पण सत्ता त्याच्या हातात, त्याला कोण जाळणार? त्याच्यासाठी अजून लग्नाला न आलेल्या वयातली मुलगी शोधा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उलगडा ते असा करतात.

आणि इथे तार्द कामी येतो. आधी ब्राह्मणांनी दार लावून घेतलं. इतरांपैकी काहींनी त्यांचं पाहून लावलं, काहींच्या तोंडावर ते लागलं. पुरावा म्हणून आंबेडकर अंतराचा नियमच लावतात: ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींत तिन्ही चाली कडक, त्याहून लांब वैधव्य आणि बालविवाह, आणखी लांब नुसता बालविवाह, टोकाला फक्त जातीवरचा विश्वास.

मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग त्यानंतरचा, १९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेला. १९२४ मध्ये तिथे मालवणचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये आले, आणि श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी. श्रीनिवासांच्या मांडणीत नक्कल ही शिडी आहे, ती करणारी जात वर सरकते. आंबेडकरांच्या निबंधात मात्र नक्कल करणारा गट स्वतःलाच कोंडून घेतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे: ती ‘जादा’ ठरलेली बाई.