नाशिकहून बुद्धगयेला: धम्मयात्रेमागचा इतिहास

थंडी पडू लागली की नाशिक रोड, सातपूर, सिडको भागातल्या विहारांमध्ये बुद्धगयेच्या यात्रेची नावं घ्यायला सुरुवात होते. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार ठिकाणं ठरलेलीच असतात. श्रद्धावानांनी ही चार स्थळं पाहावीत, असं महापरिनिब्बान सुत्तात खुद्द तथागतांनीच सांगितलं आहे. यात्रेकरूंमध्ये बायका पुष्कळ, त्यातही उतारवयाच्या. अनेकींनी त्यासाठी महिन्याला थोडे थोडे करून पैसे साठवलेले असतात.

या यात्रांची मुळं आपल्याच शहरात आहेत. रामकुंडावर पिंडदानाला साऱ्या देशातून माणसं येत होती, तेव्हा इथल्या अस्पृश्यांना काळाराम मंदिराचा दरवाजा बंद होता. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक लढ्याची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. बायकाही सत्याग्रहात उतरल्या. रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली, लोक तुरुंगात गेले, दार मात्र उघडलं नाही. अखेर १९३४ साली बाबासाहेबांनीच सत्याग्रह थांबवायला सांगितलं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञाही होती. आज गया स्टेशनावर एकाच गाडीतून पिंडदानाला आलेले लोक उतरतात आणि आपले उपासकही. तिथून वाटा वेगळ्या होतात.

दीक्षेनंतर महिन्याभरात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना सारनाथला थांबले. ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पुढे कितीतरी वर्षं हातावर पोट असलेल्या कुटुंबांची यात्रा म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि येवल्याची मुक्तिभूमी. उत्तरेचा खर्च झेपणं फार पुढची गोष्ट. शिकलेली, नोकरीला लागलेली पिढी आल्यावर विहारांतून गट निघू लागले.

पण हा रस्ता खरं तर फार जुना आहे. सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात सांगितलंय की राजे पूर्वी शिकारीच्या सहलींना जात. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. या लेखाचा एक तुकडा मुंबईजवळच्या आपल्या सोपाऱ्याला सापडला आहे. त्या सोपाऱ्याचं नाव नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही (पांडवलेणी) कोरलेलं आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखात. दहाव्या लेण्यातला त्याचा लेख मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चारही दिशांच्या भिक्खुसंघासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज. त्या व्याजातून इथे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंना दर वर्षी प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब मांडून पाहा, पैसुद्धा चुकत नाही. सतराव्या लेण्यात उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान आहे. म्हणजे दूरदेशीची माणसं या डोंगरावर येत होती. तरीही आपल्यातले कित्येक जण बुद्धगयेला जाऊन येतात आणि हे लेख काही कधी वाचत नाहीत, याची मला खंत वाटते. यात्रेला निघण्याआधी गटाने एक सकाळ इथे घालवलीच पाहिजे. २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधीवृक्षाचं रोपही लेण्यांच्या परिसरात लावलं गेलं आहे.

बुद्धगयेत पोचल्यावर एक प्रश्न समोर येतोच. महाबोधी महाविहाराचं व्यवस्थापन १९४९ च्या कायद्यानुसार चालतं. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. महाविहार पूर्णपणे बौद्धांच्या हाती द्यावं, ही श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली मागणी नव्वदच्या दशकात नागपूरच्या भदन्त सुरई ससाईंनी पुढे नेली, आणि फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू पुन्हा आंदोलनाला बसले. महाराष्ट्रातून गेलेले उपासक दर्शनानंतर तिथेही जाऊन बसत होते.