सर्व्हायव्हल गेममधली भूक कुठून आली?

माइनक्राफ्ट, सबनॉटिका, द लाँग डार्क, वॅलहाइम हे सर्व्हायव्हल गेम, म्हणजे तग धरून जगायचे खेळ, एकमेकांशी ताडून बघताना चर्चा बहुतेक वेळा नकाशावर येऊन थांबते. जग किती मोठं, ग्राफिक्स कसे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पडद्याच्या कोपऱ्यातला हंगर बार, म्हणजे भुकेची पट्टी. खेळाडूला उबदार घरातून बाहेर कोण काढतं, हे बऱ्याचदा तिथेच कळतं. आणि ही भूक या सगळ्या गेमांहून बरीच जुनी आहे.

१९८० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ बनवला (आजार नव्हे, इंग्रजीतला भामटा). चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. नायक म्हणजे एक @. जखमी झालात की एका जागी थांबून बरं होता येई, पण थांबलं की शिदोरी संपे. बसून खाल्लं तर कुबेराचंही पुरत नाही, तोच न्याय. म्हणजे भूक आली ती खेळाडूला हलतं ठेवायला.

तिला खरं आयुष्य दिलं ते १९९२ च्या ‘अनरिअल वर्ल्ड’ने. फिनलंडच्या सामी मारानेन यांचा हा गेम लोहयुगातल्या उत्तरेकडच्या जंगलात घडतो. शिकार करा, मासे धरा, हिवाळ्यासाठी मांस वाळवा. तीस वर्षं उलटून गेली तरी मारानेन यांनी त्याचं काम सोडलेलं नाही. या परंपरेतलं सगळ्यात कमी कौतुक याच गेमच्या वाट्याला आलं, असं मला मनापासून वाटतं.

अफाट जगाची वाट मात्र वेगळी. १९८४ च्या ‘एलीट’ने सूत्रांच्या जोरावर ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ताऱ्यांची ठिकाणं, अशी दुनिया तेव्हाच्या इवल्याशा मेमरीत बसवली. २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ त्याच वाटेचा वारस.

माइनक्राफ्टमध्ये या दोन वाटा मिळाल्या, पण लगेच नाही. २००९ मध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा त्यात भूक नव्हतीच; पुढेही बराच काळ मांस खाल्लं की थेट जीव दाखवणारी हृदयं भरायची. भूक दाखवणारी दहा तंगड्यांची रांग आली ती सप्टेंबर २०११ मध्ये, धावण्याच्या सोयीबरोबर. पळालात की तंगड्या कमी होणार. भटकंतीला पहिल्यांदाच किंमत आली.

मग लाटच आली. डीन हॉल यांनी न्यूझीलंडच्या सैन्यात असताना ब्रुनेईच्या जंगलातल्या प्रशिक्षणात उपासमार अनुभवली होती. त्यातून २०१२ चा ‘डेझी’ सुचला. तिथे झोंबींपेक्षा दुसऱ्या खेळाडूची भीती जास्त, कारण तुमच्या पाठपिशवीतला डबा त्यालाही हवा असतो. २०१३ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने अर्धवट तयार गेम विकायची मुभा (‘अर्ली अ‍ॅक्सेस’) दिली आणि छोट्या स्टुडिओंचं फावलं. ‘रस्ट’ त्याच वर्षीचा.

२०१४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आलेल्या ‘द लाँग डार्क’मध्ये झोंबी नाहीत, कॅनडाची थंडी पुरेशी आहे. एका पाण्याच्या बाटलीसाठी काय करावं लागतं बघा: काडी जपून ओढायची, चूल पेटवायची, बर्फ वितळवायचं, तेच पाणी पुन्हा उकळायचं, आणि तोवर लाकूड पुरतंय का याकडे डोळे लावून बसायचं. भूक इथे कॅलरीत मोजली जाते. पण खेळाडूंनी पळवाट शोधली: दिवसभर उपाशी राहायचं आणि झोपायच्या आधी थोडं खायचं, एवढ्यावर निभतं. मग कर्त्यांनी बक्षीस ठेवलं. ७२ तास उपाशी न राहिलेल्याला ५ किलो ओझं जास्त उचलता येतं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. इथे भूक दंड करायचं थांबून आमिष दाखवू लागली.

समुद्राखाली घडणाऱ्या ‘सबनॉटिका’त भूक-तहान आहे, पण खरा हिशेब श्वासाचा. सुरुवातीला ४५ सेकंद. जग सूत्रातून निघालेलं नाही, हाताने रचलेलं आहे. म्हणून प्राणवायूची प्रत्येक नवी टाकी तुम्हाला आणखी खोल नेते आणि तिथे काय दिसेल ते आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वीडनमधल्या पाच जणांचा ‘वॅलहाइम’ आला आणि महिन्याभरात ५० लाख प्रती खपल्या. त्यात उपाशी माणूस मरतच नाही. फक्त २५ हेल्थ घेऊन फिरतो. तीन वेगवेगळे पदार्थ पोटात गेले की जीवही वाढतो आणि दमही. म्हणून जंगलात शिरण्याआधी खेळाडू शेकोटीजवळ थांबतो: रानडुकराचं मांस भाजून घेतो, मध आणि रासबेरी बरोबर ठेवतो. तसाच निघाला, तर ट्रोल या राक्षसाचा एक फटका पुरतो.