एकुलतं मूल आणि शाळेतली मैत्री

‘एकुलतं मूल एकलकोंडं होतं, शाळेत त्याला कुणी खेळायला घेत नाही, म्हणून दुसरं हवंच.’ चतुर्थीला घरी माणसं जमली की डिचोलीपासून काणकोणापर्यंत हे ऐकू येतं, फोनवरही फिरत असतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा प्रजनन दर एका स्त्रीमागे सरासरी 1.3 मुलं इतकाच आहे. तेव्हा हा घोर बऱ्याच घरांना असणार.

समजूत अगदी निराधार नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बालवाडीच्या शिक्षकांना भावंडं असलेली मुलं जुळवून घेण्यात थोडी सरस वाटली होती. वाटून खाणं, भांडून पुन्हा बोलणं यांचा सराव घरीच होतो ना! पण पुढे काय होतं? तिथेच सातवी ते बारावीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांना आपल्या मित्रमैत्रिणींची नावं द्यायला सांगितली होती. 2013 साली छापलेल्या त्या निष्कर्षांत एकुलत्या मुलांची नावं इतरांइतक्याच वेळा आली. शाळा, खेळ, शेजार यांतून मागे राहिलेला सराव भरून निघत असावा, असा त्याचा अर्थ लावतात.

आपल्या मुलाबद्दल शंका असेल तर भावंडं मोजू नका. मधल्या सुट्टीत ते कुणाबरोबर डबा खातं, संघ पाडताना त्याला कोण बोलावतं, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोलतं का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. कायम एकटंच दिसत असेल तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला. मग ते एकुलतं असो वा तिघांतलं धाकटं.