आकाशदर्शन करायचंय? आधी तो हॅलोजन बंद करा

गेल्या जानेवारीत सगळं घर घेऊन हुरडा पार्टीला गेलो होतो. जाहिरातीत 'हुरडा, पिठलं-भाकरी आणि आकाशदर्शन' असं होतं. हुरडा एक नंबर, आगटीतलं गरम कणीस हातावर चोळून लगेच ताटात. पण आकाशदर्शनाच्या वेळी मैदानात दोन हॅलोजन चालू, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये ॲप, ॲपमध्ये तारे. भाची म्हणाली, मामा, वर दहाबाराच आहेत, यात जास्त दिसतायत. खरंच होतं तिचं.

थंडी सुरू झाली की लोक विचारतात टेलिस्कोप कुठला घेऊ. अहो आधी डोळे तर तयार होऊ द्या! अंधारात गेलो की बाहुली मोठी होते हे शाळेत शिकलोय, पण त्याने जेमतेम दहा-पंधरा पट जास्त प्रकाश आत येतो आणि ते काही सेकंदात उरकतं. खरी गंमत मागे दृष्टिपटलावर आहे. तिथे रंग बघणाऱ्या शंकूपेशी आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. दंडपेशींत रोडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, म्हणजे ऑप्सिन हे प्रोटीन आणि त्यात अडकवलेला रेटिनलचा वाकडा रेणू, जो अ जीवनसत्त्वापासून बनतो. प्रकाशाचा एक कण आदळला की हा वाकडा रेणू सरळ होतो, पेशीला सिग्नल मिळतो, पण मग तो ऑप्सिनमधून सुटतो आणि त्याला पुन्हा वाकडं करायला दंडपेशींच्या मागच्या थरात पाठवावं लागतं, तिथून तो परत येऊन ऑप्सिनमध्ये बसला की मग ती जोडी पुढच्या कणासाठी तयार. हॅलोजनकडे बघितलं की असे असंख्य रेणू एकदम सरळ होतात आणि सगळा माल परत भरायला अर्धा तास तरी जातो. (म्हणून अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. पण धडधाकट माणसाने किलोभर गाजरं खाल्ली म्हणून घुबडासारखं दिसत नाही, ते फॉरवर्ड डिलीट करा.)

भरलेली दंडपेशी किती तयारीची असते? १९४२ मध्ये हेख्त, श्लेअर आणि पिरेन या शास्त्रज्ञांनी मोजलं, तर दंडपेशींनी प्रकाशाचे फक्त ५ ते १४ कण शोषले तरी माणसाला चमक जाणवत होती. मला हे अजून अचाट वाटतं.

संक्रांतीच्या आधी घरात पतंगाचा कागद असतोच. दिवसा साधारण सारखेच उजळ दिसणारे एक लाल, एक निळा तुकडा घ्या. दिवे घालवून, पडद्याच्या फटीतून येईल तेवढ्याच उजेडात पोरांसोबत वीस मिनिटं गप्पा मारत बसा. मग बघा, लाल काळाकुट्ट आणि निळा फिकट राखाडी दिसतो. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ कळतच नाही. याचाच फायदा घेऊन टॉर्चला लाल जिलेटीन पेपरचे दोन-तीन थर रबरबँडने लावायचे, नकाशा वाचता येतो आणि रोडॉप्सिनही शाबूत राहतं.

हे सगळं जमवून पुढच्या अमावास्येला गावी मळ्यात गेलो. आईचा विरोध, अमावास्येला रात्रीचं कुठे जाताय म्हणून. आता चंद्र नसलेली रात्र आकाश बघायला सगळ्यात चांगली, त्यात अशुभ काय ते मला आजवर कुणी समजावलेलं नाही. स्वेटर-कानटोपी घालून सतरंजीवर आडवे झालो, शेकोटी पेटवू दिली नाही म्हणून भावाने कुरकुर केली.

मृग डोक्यावर होतं. चार पाय, पोटात बाणाचे तीन तारे ओळीत, आणि त्यांच्या खाली जो धुरकट ठिपका आहे तो तेजोमेघ, तिथे नवे तारे जन्मतायत. साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. भाचीला सांगितलं की सरळ त्याच्याकडे बघू नकोस, थोडं बाजूला बघ, कारण नजरेच्या बरोबर मध्यावर फक्त शंकूपेशी असतात, दंडपेशी आजूबाजूला.

"दिसला! पण बघायला गेलं की पळतोय."

तेवढ्यात भावाचा मोबाईल वाजला, त्याने तो फुल ब्राइटनेसवर सगळ्यांच्या मधोमध धरला, आणि आम्ही परत पहिल्यापासून अर्धा तास मोजायला लागलो.