ट्रान्सफरचे पैसे प्लेयरला भेटत नाहीत

परभणीत रविवारची फुटबॉल मॅच झाली की चहाच्या गाड्यावर पोरं मोबाईलवरचा तो जुना फॉरवर्ड मेसेज दाखवायलेत, प्लेयर १० कोटी युरोला दुसऱ्या क्लबात गेला म्हणजे तेवढे त्याला भेटले. बातमीत आकडा त्याच्याच नावापुढं येतो, तसं वाटणारच. पण ही ट्रान्सफर फी जुन्या क्लबला जाते, कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी सोडलं म्हणून, प्लेयरचा पगार-बोनस वेगळा ठरतो, सहसा करारात लिहिलेलं असलं तरच फीत वाटा. आन् मला लै आवडतं ते हे, दुसऱ्या देशात गेला की फीतले ५ टक्के १२ ते २३ वयात त्याला घडवलेल्या क्लबांसाठी असतात, छोट्या गावातला असला तरी. चेक करायचं तर कॉन्ट्रॅक्ट संपलेला प्लेयर बघा, फी शून्य, पगार मात्र तगडा. बऱ्याच मोठ्या क्लबांचे वार्षिक हिशोब नेटवर असतात, त्यात पगार आन् ट्रान्सफर फी वेगवेगळ्या लिहिलेल्या सापडतील.