अडीचकीचा हिशेब

रविवार पेठेतल्या एका दुकानात काजू तुकड्याचं ३०० ग्रॅमचं पाकीट २२० रुपयांना होतं. मला हवा होता पाऊण किलो, सुटा, त्याच भावाने. मी मोबाइल काढला. २२० भागिले ३००, म्हणजे ग्रॅमला ०.७३ रुपये, गुणिले ७५०.

"काका, ५४७ रुपये ५० पैसे."

"साडेपाचशे," गल्ल्यावरून मान वर न करता उत्तर आलं. "अडीच पट झालं ना!"

काकांचंच बरोबर होतं. खरा भाव ०.७३३३… असा न संपणारा. तो मी मधेच तोडला आणि तोडलेला कण ७५० पट झाला. काका एका ग्रॅमपर्यंत उतरलेच नाहीत. ३००चे ७५० व्हायला अडीच पट लागते, तर २२०चीही अडीच पट: दुप्पट ४४०, वर निम्मे ११०.

शाळेतली एकमान पद्धत आधी एकाची किंमत काढायला लावते. त्यात चूक काही नाही, पण भागाकार नेमका अडचणीच्या जागी येतो. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत (औट म्हणजे साडेतीन). आम्ही त्याला घोकंपट्टी म्हणून हसलो. खरं तर ती पटींचीच कोष्टकं, आणि पाव-अर्धा-पाऊण मापांच्या बाजारात लागणाऱ्या पटीही बहुतेक त्याच.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रैराशिकाचं (तीन माहीत संख्यांवरून चौथी काढायच्या रीतीचं) एक उदाहरण केशराचं आहे (निष्क हे तेव्हाचं नाणं, पळ हे वजन): ३/७ निष्काला अडीच पळं केशर, तर ९ निष्कांना किती? एका निष्काचं केशर काढायला गेलात तर ५ पूर्णांक ५/६ पळं हाती लागतात. त्यापेक्षा ९ ही ३/७ची किती पट ते बघा. नेमकी २१ पट! मग केशरही २१ पट, साडेबावन्न पळं.

अर्थात पट दरवेळी सोपी नसते. ४०० ग्रॅम ८० रुपयांना आणि हवेत ३५०, तर पट निघते ०.८७५. तिथे शंभर ग्रॅमला वीस धरून ७० म्हणावं आणि मोकळं व्हावं.

आणि पट लावायची कशाला, हेही बघावं लागतं. १५० रुपयांचा ६ इंची पिझ्झा आणि ४५० चा १२ इंची. आकार दुप्पट नि पैसे तिप्पट, म्हणून पोरं कुरकुरतात. पण इंच मोजतात व्यास, आपण खातो क्षेत्रफळ, आणि ते झालेलं असतं चौपट.

रिक्षात तर पट सुरुवातीलाच अडते. २०२२ साली पुण्यात ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. तीन किलोमीटरला साडेपन्नास होतात, म्हणजे जवळपास दुप्पटच. पण अर्ध्या किलोमीटरवर उतरलात, तरी २५च.