हायड्रोजन वाहून नेताय? लायसन्सवरचा ‘हॅझार्डस’ शेरा, त्याची कागदपत्रं आणि रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कागद सांभाळायचं माझं काम. आजवर ड्रायव्हर मंडळी विचारायची ती एलपीजीबद्दल, फार तर ॲसिडच्या टँकरबद्दल. आता नवा प्रश्न येतो: “साहेब, हायड्रोजनला वेगळं लायसन्स लागतं का?” प्रश्न रास्त आहे. मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणाऱ्या 37 बस-ट्रकच्या प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यातल्या दहा मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. गाड्या आल्या की त्यांचा वायू आला, सिलिंडर आले, आणि आज ना उद्या फ्युएल सेलची (म्हणजे इंधनातून थेट वीज बनवणाऱ्या यंत्राची) छोटी कार्ट्रिजही, त्यातल्या इंधनाच्या डब्या, खोक्यांमधून येणार.

आधी एक घोळ मिटवू. हायड्रोजनवर चालणारी गाडी चालवणं वेगळं आणि हायड्रोजन माल म्हणून वाहून नेणं वेगळं. खाली सांगतोय ते दुसऱ्याबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 9 माल काय आहे ते बघतो, इंजिन कशावर चालतं ते नाही.

वेगळं लायसन्स लागत नाही. तुमच्याच ट्रान्सपोर्ट लायसन्सवर धोकादायक मालाचा शेरा घ्यावा लागतो. म्हणजे पहिली अट ही की हातात ट्रान्सपोर्ट वर्गाचं चालू लायसन्स हवं. त्यासाठी वय किमान 20. दुसरी अट अनेकांना माहीत नसते: नियमाप्रमाणे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि शिवाय इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट 2019 मध्ये गेली, पण ही राहिली. मला ती योग्यच वाटते. गाडीच्या मागच्या पाटीवर मालाचं नाव इंग्रजीत असतं आणि अपघातात ते वाचणारा पहिला माणूस ड्रायव्हरच असतो.

तिसरी अट म्हणजे राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेतला तीन दिवसांचा वर्ग. पहिले दोन दिवस सुरक्षित ड्रायव्हिंगचे: ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, घाटातला गिअर, रात्रीचं चालवणं, गाडी कुठे उभी करायची, चाक सरकू नये म्हणून त्याखाली उटी कशी लावायची. जुन्या ड्रायव्हरला हे ऐकताना जांभया येतात. मात्र तिसऱ्या दिवशी दांडी मारू नका आणि डुलकीही काढू नका. यूएन नंबर (धोकादायक मालाचा चार आकडी क्रमांक), हॅझकेम कोड (आग-गळतीत काय करायचं ते सांगणारी पाटीवरची खूण), ट्रेमकार्ड (त्याबद्दल पुढे सांगतो), गळती, आग, प्रथमोपचार, विहिरी-नद्यांपर्यंत रसायन जाऊ न देणं हे सगळं त्या एका दिवसात असतं. नुसता दाखला विकणारेही भेटतील. त्यांच्याकडून घेतलेला कागद आरटीओत एखादवेळी खपेल, रस्त्यावर नाही.

अर्ज ऑनलाइन आहे. परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर महाराष्ट्र निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची आणि सेवांच्या यादीत धोकादायक माल वाहून नेण्याच्या शेऱ्याची सेवा निवडायची. कागदपत्रं चढवायची, फी भरायची (आकडा पोर्टल स्वतःच काढून दाखवतं), वेळ घ्यायची आणि त्या दिवशी मूळ कागद घेऊन आरटीओत जायचं. सोबत लायसन्स, वर्गाचा दाखला, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा आणि फोटो ठेवा. लायसन्सचं नूतनीकरण त्याच वेळी करायचं असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-अ सुद्धा लागतो.

अर्ज अडतात ते बहुतेक नावावरून. गेल्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरच्या लायसन्सवर ‘दत्तात्रय’ होतं आणि वर्गाच्या दाखल्यावर ‘दत्ता’. संस्थेकडून दाखला बदलून आणेपर्यंत दोन आठवडे गेले आणि तेवढे दिवस गाडीवर दुसरा माणूस बसवावा लागला. वर्गाला नाव नोंदवतानाच लायसन्सची झेरॉक्स पुढे ठेवा, म्हणजे नाव त्यातून उतरवून घेतलं जाईल.

नवीन कार्डावर शेऱ्याच्या मुदतीची तारीख वेगळी छापलेली असते. ती बघायची सवय लावा. साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, धोकादायक मालाचं तीनच. नूतनीकरणासाठी एक दिवसाचा उजळणी वर्ग असतो. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावाधाव करायचं काही कारण नाही.

शेरा नसताना गाडी चालवली तर? पोलिसांचा दंड सोडा, खरा फटका विम्यात बसतो. एप्रिल 2025 मध्ये एका ऑइल टँकरच्या अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ड्रायव्हरकडे लायसन्स होतं, हा शेरा नव्हता. विमा कंपनीने मृतांच्या वारसांना भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हा आदेश कायम राहिला. आमच्या शेठना हे वाचून दाखवलं तेव्हा कुठे वर्गाची फी ऑफिसने भरायचं ठरलं.

आता गाडीतले कागद. ट्रेमकार्ड हे त्या मालाचं आणीबाणीचं पत्रक. माल पाठवणाऱ्याने मालाची पूर्ण माहिती द्यायची, मालकाने ती ड्रायव्हरला समजावून लेखी द्यायची आणि ड्रायव्हरने केबिनमध्ये ठेवायची. डिकीत नाही, सीटखालच्या पेटीतही नाही, हात घातला की मिळालं पाहिजे. बाहेर दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीची पाटी लागते. तिच्यावर मालाचं नाव, निदान 100 मिलिमीटर उंच अंकांत यूएन नंबर, धोक्याच्या प्रकाराचं चौकोनी चिन्ह, आणीबाणीचा फोन आणि माल पाठवणाऱ्याचा फोन. गाडीत प्रथमोपचार पेटी, सुरक्षा साधनं आणि अग्निशामक ही असतातच.

यूएन नंबर तोंडपाठ करा. दाबाखालच्या हायड्रोजनचा 1049. आपल्याकडे हा सिलिंडर लाल रंगाचा असतो आणि त्याच्या व्हॉल्व्हचे आटे उलटे, म्हणजे डावे. फ्युएल सेल कार्ट्रिजच्या बाबतीत जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण खोकी सारखीच दिसतात आणि आत माल निरनिराळा असतो. 3479 म्हणजे धातूच्या भुकटीत शोषून ठेवलेला हायड्रोजन, 3478 म्हणजे द्रवरूप ज्वलनशील वायू, 3473 म्हणजे मिथेनॉलसारखा ज्वलनशील द्रव, 3477 म्हणजे क्षरणकारी रसायन. आणि 3476 म्हणजे पाण्याशी संयोग होऊन ज्वलनशील वायू सोडणारा पदार्थ. 3479 ची पेटती खोकी लांबून पाणी मारून थंड ठेवतात. 3476 वर तेच पाणी मारलं तर आग वाढते. एका आकड्याचा फरक आहे, म्हणून बिल्टीवरचा (मालासोबतच्या पावतीवरचा) नंबर आणि खोक्यावरचा नंबर माल भरतानाच ताडून बघा.

अपघात झाला तर नियम 136 प्रमाणे ड्रायव्हरने ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीच्या मालकाला कळवायचं. प्रत्यक्षात पहिला फोन 112 ला लावा. इंजिन बंद करा, जमलं तर बॅटरीचा मेन स्विच काढा, ट्रेमकार्ड आणि बिल्टी घेऊन वारा जिकडून येतोय त्या बाजूला, म्हणजे गाडीपासून दूर चालताना वारा तोंडावर येईल असं, लांब जा आणि मग बोला. परदेशी अग्निशमन दलांच्या मार्गदर्शिकेत हायड्रोजनसाठी सगळ्या बाजूंनी निदान 100 मीटर मोकळं ठेवायला सांगितलंय, आणि टँकरच आगीत सापडला असेल तर 1600 मीटर. फोनवर यूएन नंबर, किलोमीटरचा दगड, कुठल्या दिशेची लेन, गळती आहे की आग, आणि किती नग, एवढं सांगा. “गॅसची गाडी उलटली” एवढंच सांगितलं तर अग्निशमनवाले एलपीजीची तयारी करून येतील.

एलपीजी जड, तो खाली बसतो, गटारात शिरतो. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका, सरळ वर जातो. उघड्यावर हे बरंच, पण ताडपत्रीखाली किंवा बंद कंटेनरच्या छताशी तो साचतो. हवेत 4 ते 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेटतो आणि त्याला ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते. त्याला वास नसतो. दिवसा त्याची ज्योतही जवळजवळ दिसत नाही. पूर्वी कारखान्यांत लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे, झाडूने पेट घेतला की ज्योत सापडली. तुम्ही हा प्रयोग करू नका. फुस्स असा आवाज येतोय आणि समोर काहीच दिसत नाही, तर आग आहे असंच धरून चाला. गळती बंद करता येत नसेल तर जळती ज्योत विझवायला जाऊ नका. ती विझली आणि वायू येतच राहिला तर तो साचतो, आणि मग स्फोट होतो.

बघ्यांना पांगवणं हे सगळ्यात कठीण. जून 2023 मध्ये खंडाळा घाटात टँकर उलटून पेटला, पेटता माल पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला आणि चार जण गेले. मोबाइल वर करून जवळ येणाऱ्याला क्लिनरने ओरडून मागे धाडायचं, ड्रायव्हरने फोन सोडायचा नाही, हे आम्ही निघण्यापूर्वी ठरवूनच देतो.

आणखी एक काम, दोन मिनिटांचं. पाटीवरचा आणीबाणीचा नंबर गेटबाहेर पडण्यापूर्वी एकदा लावून बघा. मी एकदा सहज लावला. पलीकडच्या गृहस्थाने शांतपणे सांगितलं की ती कंपनी सोडून त्याला दीड वर्ष झालं. गाडी तोवर फाळका लावून निघायच्या तयारीत होती. पाटी रंगवून होईपर्यंत आम्ही ती गेटवरच थांबवली.